कोवलमचा किनारा : निळा झेंडा काय सांगतो, काय सांगत नाही

कोवलम (चेन्नई) : चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेकडे निघाले, की साधारण ३५ ते ४० किलोमीटरवर मुट्टुकाडूच्या खाडीवरील पूल लागतो आणि तो ओलांडताच कोवलम हे मच्छीमारांचे जुने गाव सुरू होते. सप्टेंबर २०२१ मध्ये या गावच्या किनाऱ्यातील एका पट्ट्याला ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. तामिळनाडूत हा मान मिळवणारा तो पहिला किनारा. महाबलीपुरम आणि पुद्दुचेरीला जाणारा रस्ता येथूनच जात असल्याने महाराष्ट्रातून येणारे प्रवासीही वाटेत येथे थांबतात. २०२५ मध्ये श्रीवर्धन, नागाव, पर्णका, गुहागर आणि लाडघर हे महाराष्ट्रातील पाच किनारे याच मानांकनाच्या यादीत आले. त्यामुळे या निळ्या झेंड्याचा नेमका अर्थ काय, तो फडकत असताना समुद्रात उतरणे कितपत सुरक्षित मानावे आणि झेंड्याच्या चौकटीत न बसणाऱ्या गोष्टी कोणत्या, हे प्रश्न आता कोकणातल्या माणसालाही तितकेच लागू झाले आहेत.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. कोवलम नावाची दोन गावे प्रसिद्ध आहेत. तिरुवनंतपुरमजवळचे केरळमधील कोवलम अरबी समुद्रावर आहे आणि पर्यटनाच्या जाहिरातींत बहुधा तेच दिसते. हा लेख बंगालच्या उपसागरावरील, इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत ‘कोव्हलाँग’ म्हणून येणाऱ्या कोवलमविषयी आहे. हॉटेलची नोंदणी करताना दोन्हींची गल्लत सहज होऊ शकते आणि ती सुमारे सातशे किलोमीटरची गल्लत ठरते.

‘ब्लू फ्लॅग’ची सुरुवात १९८५ मध्ये फ्रान्समध्ये झाली आणि १९८७ पासून ही योजना युरोपभर राबवली गेली. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे मुख्यालय असलेली ‘फाउंडेशन फॉर एन्व्हायर्न्मेंटल एज्युकेशन’ ही संस्था हे मानांकन देते. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रूपाने ते प्रथमच युरोपबाहेर गेले. भारतात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने किनारा व्यवस्थापनाच्या आपल्या कार्यक्रमाखाली निवडक किनारे या मानांकनासाठी तयार करण्याचे काम हाती घेतले. आरंभीच्या यादीत सिंधुदुर्गातील भोगवे आणि गोव्यातील मिरामार ही नावेही होती. ऑक्टोबर २०२० मध्ये मात्र ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना झेंडा मिळाला त्यांत ही दोन नव्हती. गुजरातमधील शिवराजपूर, दीवमधील घोघला, कर्नाटकातील कासरकोड व पडुबिद्री, केरळमधील कप्पाड, आंध्रातील ऋषिकोंडा, पुरीचा गोल्डन बीच आणि अंदमानातील राधानगर हे ते आठ. पुढच्या वर्षी कोवलम आणि पुद्दुचेरीचा ईडन, तर २०२२ मध्ये लक्षद्वीपमधील दोन किनारे त्यांत आले आणि संख्या बारावर गेली.

मानांकनासाठी ३३ निकष आहेत आणि ते चार गटांत मोडतात : पर्यावरण शिक्षण व माहिती, पाण्याची गुणवत्ता, पर्यावरण व्यवस्थापन, आणि सुरक्षा व सेवा. यांतील दोन बाबी भेट देणाऱ्याने मुद्दाम लक्षात ठेवाव्यात. पहिली, झेंडा कायमचा मिळत नाही. तो एका हंगामासाठी असतो, दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो आणि महत्त्वाचा निकष मोडला तर तो मध्येच उतरवावा लागतो. दुसरी, झेंडा संपूर्ण गावाच्या किनाऱ्याला मिळत नाही. आखून दिलेल्या पट्ट्यापुरताच तो असतो. त्या पट्ट्याच्या शंभर पावले पलीकडे तेच पाणी आणि तीच वाळू असली, तरी तेथे जीवरक्षक असेलच असे नाही.

म्हणून प्रवेशद्वाराजवळच्या माहितीफलकापाशी दोन मिनिटे थांबणे फायद्याचे ठरते. पोहण्यासाठी आखलेला भाग, प्रथमोपचाराची जागा, किनाऱ्याचा नकाशा आणि पाण्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष लोकांना दिसतील असे लावणे, ही मानांकनाचीच अट आहे. चाचणीत मुख्यतः दोन प्रकारच्या जिवाणूंचे प्रमाण पाहतात. १०० मिलिलीटर पाण्यात ‘ई. कोलाय’ २५० पेक्षा आणि ‘एन्टरोकोकाय’ १०० पेक्षा अधिक नसावेत, ही मर्यादा. हे दोन्ही जिवाणू माणसाच्या व जनावरांच्या आतड्यांत असतात. ते समुद्राच्या पाण्यात सापडले, याचा साधा अर्थ कोठून तरी मैला समुद्रात येत आहे. फलकावरील निष्कर्षांची तारीख जुनी असेल किंवा तेथे निष्कर्षच नसतील, तर वर झेंडा फडकत असला तरी पाण्याविषयी शंका घ्यायला जागा आहे. आपल्याकडे फलकापाशी लोक थांबतात ते छायाचित्रासाठी, ही गोष्ट वेगळी.

कोवलमपुरता पाण्याचा प्रश्न मात्र किनाऱ्यावर सुटणारा नाही. त्याचे मूळ उत्तरेला, शहरात आहे. दक्षिण चेन्नईतील पळ्ळिकरणै ही मोठी पाणथळ जमीन २०२२ मध्ये रामसर यादीत आली. तिचे पाणी ओक्कियम मडुवु या नाल्यातून बकिंगहॅम कालव्यात उतरते आणि कालव्यावाटे दक्षिणेकडे येऊन मुट्टुकाडूच्या मुखातून समुद्राला मिळते. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आणि उंच गृहसंकुलांनी भरलेला जुना महाबलीपुरम रस्ता याच पाणलोटात येतो. कोरड्या महिन्यांत मुट्टुकाडूच्या तोंडावर वाळूचा बांध साचतो आणि खाडी समुद्रापासून जवळजवळ तुटते. पाऊस पडला की तो बांध फुटतो व शहराच्या अंगावरून वाहिलेले पाणी एकदम बाहेर येते. मुसळधार पावसानंतर काही दिवस या भागात समुद्रस्नान टाळावे, असे सांगण्यामागे हेच कारण आहे.

या खोऱ्याची पर्जन्यगटारे बांधण्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या साह्याने मोठा प्रकल्प हाती घेण्यात आला. तेव्हा समुद्रालगतच्या वाळूच्या पट्ट्यात गटारे बांधण्याला तेथील रहिवाशांनीच विरोध केला. पावसाचे पाणी ही वाळू मुरवून घेते आणि विहिरी गोड ठेवते, तिथे गटार घातले तर उलट सांडपाणी किनाऱ्यावर पोहोचेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. गटार नको म्हणून भांडणारे नागरिक आपल्याला विरळा वाटतील. पण वाळूखालचे पाणी ज्याने पाहिले आहे त्याला ही मागणी विचित्र वाटणार नाही. मालवण, वेंगुर्ल्याच्या पुळणीलगतच्या विहिरींची कथा फारशी निराळी नाही.

ओहोटीचा हिशेब येथे चालत नाही

कोकणात वाढलेल्या माणसाचा समुद्राशी व्यवहार भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालतो. तिथी पाहायची, उधाण कधी ते विचारायचे आणि ओहोटी लागली की पाण्यात पाय घालायचा नाही, हे शहाणपण तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मुंबईत मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, तो कधी पाच मीटरच्या जवळ जातो. चेन्नईच्या किनाऱ्यावर हा फरक मोठ्या भरतीलाही एक मीटरच्या आसपासच राहतो. त्यामुळे ओहोटीला अर्धा किलोमीटर मागे सरकलेले पाणी आणि मधली ओली, घट्ट, चालायला सोयीची वाळू, हे दृश्य कोवलमला दिसत नाही. पाणी दिवसभर जवळपास त्याच रेषेवर असते.

याचा परिणाम असा, की पश्चिम किनाऱ्यावरचा पाहुणा येथे आल्यावर निर्धास्त होतो. पाणी मागे-पुढे होत नाही, म्हणजे ओढही नसेल, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात बंगालच्या उपसागराच्या या बाजूला पुळण तुलनेने उतरती आहे, लाटा काठाच्या जवळ येऊन फुटतात आणि कमरेएवढ्या पाण्यातून दोन-चार पावलांत तळ पायाखालून निघून जाऊ शकतो. येथे ओढ निर्माण करतात त्या लाटा. भरतीचे वेळापत्रक पाहून तिचा अंदाज बांधता येत नाही.

ही ओढ कशी तयार होते ते समजून घेण्यासारखे आहे. एकामागून एक येणाऱ्या लाटा काठाकडे पाणी लोटत असतात. ते पाणी परत जायला वाट शोधते. पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यात कोठे खिंड असेल, तर सगळे पाणी तेथे गोळा होते आणि अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे निघते. यालाच ‘रिप करंट’ म्हणतात. ताकदीच्या प्रवाहाचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि त्याच्या विरुद्ध पोहून जिंकणे कसलेल्या जलतरणपटूलाही जमत नाही. घातक बाब म्हणजे वरून पाहणाऱ्याला हीच जागा सर्वांत शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस होत असतो आणि मधल्या पट्ट्यात लाट फुटतच नाही. लहान मुलांना घेऊन आलेले कुटुंब नेमकी तीच जागा निवडते. पाण्याचा रंग गडद दिसणे, फेस किंवा पालापाचोळा काठाऐवजी समुद्राकडे सरकताना दिसणे, या तिच्या खुणा. पाण्यात उतरण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे वाळूवर उभे राहून लाटा पाहिल्या, तर त्या ओळखता येतात.

प्रवाहात सापडलेल्या माणसाला हा प्रवाह खाली ओढत नाही, तो बाहेर नेतो. बुडणे होते ते दमछाकीने आणि घाबरण्याने. म्हणून काठाच्या दिशेने हातपाय मारत राहण्याऐवजी आधी पाठीवर तरंगून श्वास सावरावा, हात वर करून मदत मागावी, आणि जमेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद पट्ट्यातून बाजूला व्हावे. तेथून लाटाच माणसाला काठाकडे आणतात. काठावर असलेल्यांसाठी नियम अधिक कठीण आहे : मागे उडी घेऊ नये. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला भाऊ, मित्र किंवा वडील तितकाच धोक्यात येतो आणि एका अपघातात एकाच घरची दोन-तीन माणसे जातात. रिकामा पाण्याचा कॅन, दोर, हवेचा चेंडू, जे तरंगेल ते फेकावे आणि जीवरक्षकाला बोलवावे. लाल-पिवळे झेंडे लावलेल्या पट्ट्यात जीवरक्षकांचे लक्ष असते, लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचे नाही, हा संकेत जगभर सारखाच आहे.

कोकणाला या दुर्घटनांची वेगळी ओळख करून द्यायला नको. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुड येथे सहलीला गेलेल्या पुण्यातील महाविद्यालयीन तरुणांपैकी चौदा जण बुडाले, ती आठवण अजून पुसलेली नाही. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक नेमण्यात आले. तसा सलग, वर्षभराचा पहारा पश्चिम किंवा पूर्व किनाऱ्यावरील बहुतेक गावांना आजही नाही. कोवलमसारख्या जागी झेंड्याच्या अटीमुळे तो मिळतो, आणि त्या मानांकनाचा सामान्य कुटुंबाला होणारा सर्वांत मोठा लाभ हाच म्हणावा लागेल. बांबूच्या छत्र्या आणि बसण्याचे बाक त्यामानाने दुय्यम आहेत.

आणखी एक धोका अलीकडे चर्चेत आला आहे. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यातील लेमुर किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी लाटेने ओढले जाऊन मरण पावले. त्या दिवसांत वादळ नव्हते. हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरात उठलेल्या लांब लाटा तेथवर आल्या होत्या. केरळचे मच्छीमार यांना ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र, म्हणतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे ‘इन्कॉइस’, अशा लाटांचा इशारा आधी देते आणि त्या वेळीही तो देण्यात आला होता. आकाश निरभ्र असताना आलेला इशारा लोकांना खरा वाटत नाही, ही अडचण आहे. किनाऱ्याकडे निघण्यापूर्वी हवामानाबरोबर ‘इन्कॉइस’चा लाटांचा अंदाजही पाहावा.

हंगामाचे गणितही उलटे आहे. कोकणात जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि दिवाळीनंतर तो निवतो. चेन्नईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी काळात पडतो आणि चक्रीवादळांचे दिवसही तेच. डिसेंबर २०२२ मधील ‘मंदोस’ वादळ कोवलमच्या थोडे दक्षिणेला, महाबलीपुरमजवळच किनाऱ्यावर आले होते. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत येणाऱ्या मराठी पर्यटकाला म्हणूनच अनेकदा खवळलेला समुद्र भेटतो. जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वाळूवर पाय ठेववत नाही. तेव्हा पहाटे यावे. सूर्य येथे समुद्रातून वर येतो, आणि आयुष्यभर सूर्यास्तच पाण्यावर पाहिलेल्या माणसाला हा अनुभव चुकवू नये असाच वाटेल.

वाळू कोणाची

कोवलमचा इतिहास बराच गजबजलेला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी ओस्टेंड कंपनी या आज विसरल्या गेलेल्या युरोपीय व्यापारी कंपनीची येथे वखार होती. पुढे कर्नाटकच्या नवाबाने किल्ला बांधला. तो फ्रेंचांकडे गेला आणि १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने घेऊन उद्ध्वस्त केला. १९७० च्या दशकात त्याच जागी पंचतारांकित हॉटेल उभे राहिले. गावात तमीम अन्सारी यांचा दर्गा आहे आणि जुने कॅथलिक चर्चही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हा किनाराही झोडपला. तामिळनाडूत त्या दिवशी सुमारे आठ हजार माणसे गेली.

या सर्व काळात येथे टिकून राहिला तो मच्छीमार. ओंडके बांधून केलेल्या त्याच्या तराफ्याला तमिळमध्ये ‘कट्टुमरम’ म्हणतात. इंग्रजीतील ‘कॅटमरॅन’ हा शब्द त्यावरूनच निघाला. आज ओंडक्यांच्या जागी फायबरच्या मोटारबोटी आल्या आहेत, पण वाऱ्यांची नावे तीच आहेत : उत्तरेचा ‘वाडै’, पूर्वेचा ‘कोंडल’, दक्षिणेचा ‘तेन्रल’. होड्या वाळूवर ओढून ठेवणे, जाळी पसरणे, मासळीची विक्री, हे सगळे काठावरच चालते. पर्यटकासाठी जो मोकळा किनारा आहे तो त्यांच्यासाठी कामाचा चौक आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत जानेवारी २०२० मध्ये केंद्राने दुरुस्ती केली. ‘ब्लू फ्लॅग’साठी निवडलेल्या किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर राखून स्वच्छतागृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या, पायवाटा, मनोरे, वाहनतळ अशा सोयी उभारण्यास तिने मुभा दिली. सोयी आवश्यकच आहेत. विशेषतः स्त्रियांना आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना त्यांच्याविना किनारा जवळपास बंदच असतो. पण कुंपण, तिकीट आणि सुशोभन आले की होडी आणि जाळे कोठे जाणार, हा प्रश्न देशभरातील मच्छीमार संघटना अशा प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी विचारतात. श्रीवर्धन आणि नागावच्या कोळी वस्त्यांनाही तो विचारावा लागेल.

कोवलमपुरते एक उत्तर गावातूनच निघाले. मूर्ती मेगवन या मच्छीमार तरुणाने लाटांवर फळीने स्वार होण्याचा खेळ आत्मसात केला आणि २०१२ मध्ये येथे सर्फिंगची शाळा सुरू झाली. वस्तीतील मुले प्रथम शिकली, मग शिकवू लागली. २०१३ पासून भरू लागलेल्या सर्फिंग महोत्सवाला क्रिकेटपटू जाँटी ऱ्होड्सनेही हजेरी लावली. ज्या लाटेची शहरी पाहुण्याला भीती वाटते तिचे वळण ही मुले लहानपणापासून ओळखतात, आणि त्या ओळखीला आता मोल मिळते. किनाऱ्यावर पाहुण्याने कोणाचे ऐकावे, याचे उत्तरही त्यातच आहे. आज पाण्यात उतरावे का, हे होडी ओढून आणणाऱ्या अण्णांना विचारले तर भाषा न येताही मानेच्या हालचालीवरून कळते.

१५ एप्रिल ते १४ जून या ६१ दिवसांत पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पश्चिमेकडे ती १ जून ते ३१ जुलै अशी असते. त्याआधीचे तीन-चार महिने ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचे. माद्या रात्री वाळूवर येऊन अंडी घालतात, आणि दिव्यांच्या झगमगाटाने पिल्ले समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईच्या परिसरात शेकडो मेलेली कासवे किनाऱ्याला लागली. ट्रॉलरच्या जाळ्यांत गुदमरून ती मेली असावीत, असे मानले गेले. वेळासच्या कासव महोत्सवाला गेलेल्या वाचकाला हे कासव ओळखीचे असेल. त्या दिवसांत अंधार पडल्यावर किनाऱ्यावर टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश आणि शेकोटी टाळावी. चेन्नईत १९८८ पासून विद्यार्थ्यांचे एक कासव संरक्षण जाळे रात्री किनारा चालत अंडी गोळा करते आणि ती सुरक्षित कुंपणात उबवते. हंगामात आठवड्याच्या अखेरीस सामान्य नागरिकांनाही त्यांच्याबरोबर नीलांकरैपासून बेझंट नगरपर्यंत चालता येते. चालणे मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते.